अकराव्या महिन्यातला खाडा

दुधाचा खाडा असतो, मोलकरणीचा खाडा असतो, तसा आमच्या घरमालकांकडे खोलीचाही खाडा असायचा. दर अकरा महिन्यांनी एक दिवस आणि एक रात्र भाडेकरूने खोल्या रिकाम्या करायच्या. सामान अंगणात काढायचं, मालक स्वतःचं कुलूप लावणार आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच कुलूप उघडून देणार. मग आपण तेच डबे त्याच फळीवर मांडायचे आणि तेच कॅलेंडर त्याच खिळ्याला टांगायचं.

बुलडाण्याच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा या दोन खोल्या मिळाल्या. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिलाच, आणि भाड्याने राहायला गेलेलाही मीच पहिला. मोताळ्याकडच्या आमच्या गावात घर म्हणजे आपलंच असतं, लहान असो की गळकं. त्यामुळे स्टॅम्पपेपरवर टाइप केलेला, नोटरीचा गोल शिक्का मारलेला करारनामा समोर आला तेव्हा मी तो परीक्षेच्या पेपरासारखा भीतभीत धरला आणि न वाचताच सही केली. बी.ए., बी.एड. झालेला माणूस, पण न वाचता.

घरमालक एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना काका म्हणायचो, ते मला सर म्हणायचे. पुढच्या घरात ते आणि काकू राहायचे, मागच्या दोन खोल्या त्यांनी फंडाच्या पैशातून बांधलेल्या. माणूस सरळ. पाणी आलं की आधी आमचा ड्रम भरायचे. त्यांचा हट्ट एकच, खाड्याचा.

पहिल्या खाड्याला आम्हाला गंमतच वाटली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पलंग, कुकर, पुस्तकांची खोकी अंगणात लिंबाखाली ठेवून आम्ही दोघं शेगावला दर्शनाला गेलो, रात्री तिथेच एका लॉजवर राहिलो आणि सकाळच्या गाडीने परत आलो. काकूंनी पोहे करून ठेवले होते. सामान आत लावायला काका स्वतः लागले. मी सहज विचारलं, "काका, हे कशासाठी करायचं?"

"सर, माणूस सलग बारा महिने राह्यला की खोली त्याची होते. मधात खाडा पडला की हिशोब पुन्हा एकपासून."

मी मान हलवली. मला वाटलं, असेल तसा कायदा.

दुसरा खाडा जवळ आला तेव्हा माझी मुलगी नऊ दिवसांची होती. बायकोचं माहेर लांबच्या खेड्यात, तिथे दवाखाना नाही, म्हणून बाळंतपण इथेच झालं होतं. ऑपरेशन करावं लागलं होतं. डॉक्टरांनी गाडीतले हेलकावे सांभाळायला सांगितलं होतं, आणि आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिना उंबरठ्याबाहेर पडत नाही. माझी आई गावाहून आली होती. आतल्या खोलीत शेगडी, धुरी, बाजेखाली ऊब. त्या दिवसांत मी घरात पाऊल टाकायलाही विचारून टाकत होतो.

काका दारात उभे राहिले. हातात नवा स्टॅम्पपेपर.

"सर, येत्या बुधवारी अकरा महिने भरते. गुरुवारी खाडा."

"काका, या वेळेस राहू द्या ना. बघताय तुम्ही."

"पाहून राह्यलो. म्हणूनच तं आठ दिवस आधी सांगतलं."

मागून काकू आल्या. "अहो, त्या पोरीले एक रात्र आपल्या घरात आणते मी. काय होते त्याले?"

"आपल्या घरात झोपली तं पत्ता तोच ना! मंग तो खाडा कसा होईन?"

"बाप्पा, लेकरू नऊ दिवसाचं हाय. ते तुमची खोली घेऊन कुठं जाईन?"

काकांनी कागद खिशात घातला नाही. मग खाली बसून त्यांनी जे सांगितलं ते मी तोवर ऐकलं नव्हतं. त्यांच्या वडिलांनी एक वावर बटईने, पिकाच्या वाट्यावर कसायला दिलं होतं. कुळकायदा आला, वावर कसणाऱ्याचं नाव कागदावर लागलेलं निघालं आणि वावर गेलं. "माहे वडील रोज त्या बांधापर्यंत जायचे अन् वापस यायचे. बोलत नव्हते काही. मी एस.टी.त काऊन लागलो? वावरच राह्यलं नाही म्हणून. सर, तुमच्यावर माहा भरोसा हाय. कायद्यावर नाही."

वावराची भीती त्यांनी खोलीला लावली होती, हे मला तेव्हा कळलं. पण मी काही बोलायच्या आत माझी आई आतून बाहेर आली. तिला वाटलं, काकांना धीर द्यावा.

"कायदा काही वाईट नसते, भाऊ. आमच्या सासऱ्याले कुळातच वावर भेटलं. त्याच वावरात कपाशी पिकली, तवा हा पोट्टा शिकला."

काकांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. रागाचा नव्हता. चुकीच्या माणसाला जागा दिली की काय, अशी शंका त्यात होती. "गुरुवारी सकाळी खोली खाली पाहिजे," एवढं म्हणून ते उठले.

"मी वावगं बोलली का रे?" आईने विचारलं.

"नाही, खरं बोललीस," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? आजोबांना ते वावर मिळालं नसतं तर मी शाळेत गेलो असतो की नाही, मला माहीत नाही. त्या कायद्याचे माझ्यावर उपकार आहेत, आणि त्याच कायद्याने या माणसाच्या वडिलांचं बोलणं थांबवलं होतं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई कोर्टात वकील होती. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी करारनामा घेऊन तिच्याकडे गेलो. तिने तो उलटसुलट करून पाहिला.

"हा नोटरी केलाय. नोंदणी कुठंय?"

"शिक्का आहे ना."

"सर, तुम्ही मुलांना शिकवता ना? नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे." मग तिने समजावलं. घरभाड्याचा करार लेखी हवा आणि तो नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. तो नोंदवलेला नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल तेच खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. खाडा वगैरे कायद्यात कुठेच नाही. आणि वावराचा कायदा वेगळा, घराचा वेगळा.

"म्हणजे तुमची बाजू भक्कम आहे," ती म्हणाली. "हलू नका. त्यांनी पाणी, लाइट तोडायचं म्हटलं तर तेही करता येत नाही त्यांना. नोटीस देऊ?"

तिथून शाळेपर्यंत चालत येताना मला पहिल्यांदा मोठं झाल्यासारखं वाटलं, हे लपवत नाही. बायकोला कुठेही हलवावं लागणार नव्हतं. नुसतं नाही म्हणायचं होतं. पण जसजसा विचार केला तसतसं ते मला नकोसं झालं. मी नोटीस दिली असती तर ज्या गोष्टीला काका आयुष्यभर भीत आले तीच मी करून दाखवली असती, आणि पुढे रोज त्याच अंगणातून ये-जा करायची होती.

संध्याकाळी मी कायद्यातल्या त्या कलमाची प्रत घेऊन पुढच्या घरात गेलो. काका पाय सोडून बसले होते. "बसा" म्हणाले नाहीत. मी उभ्यानेच वाचून दाखवलं.

"पुन्हा वाचा," ते म्हणाले.

पुन्हा वाचलं.

"म्हणजे इतक्या वर्षांचे माहे सारे कागद..."

"तुमचं रक्षण करत नव्हते, काका. खाडाही करत नव्हता. रजिस्टर केलेला करार करेल. मुदत संपल्यावर जागा परत मागायला तोच लागतो."

त्यांनी पाय जवळ घेतले. "मंग हे मले काऊन सांगून राह्यले? गप राह्यले असते तं फायदा तुमचाच होता."

"माझ्या आजोबांनी त्यांना मिळालेलं वावर आधी वीस वर्षं कसलं होतं, काका. तुमची खोली मी कसत नाही. राहतो आणि एक दिवस जाईन. पण या गुरुवारी नाही."

"हे तुमच्याच वकिलाचं सांगणं ना?"

"हो. तुम्ही तुमच्या वकिलाला दाखवा."

त्यांनी कागद घेतला. घडी घालून खिशात ठेवला. पुढचे पाच-सहा दिवस तसेच गेले. ते अंगणात दिसायचे, बोलायचे नाहीत. बायकोने विचारलं, "सामान बांधू का?" तिला उठताना पोटावर हात धरावा लागत होता. मी म्हणालो, "थांब." पण खरं सांगायचं तर बुधवारी शाळेतून येताना मी एका ओळखीच्या माणसाकडे एका रात्रीपुरती खोली विचारून ठेवली होती.

गुरुवारी सकाळी काका आले. सोबत लॅपटॉप घेतलेला एक तरुण. हे करार आता घरी येऊनही नोंदवून देतात, अंगठा आणि फोटो तिथेच घेतात, हे मला माहीत नव्हतं. आमच्या बाहेरच्या खोलीत, खुर्चीवर मशीन मांडलं गेलं. साक्षीदार म्हणून काकू बसल्या, आणि दुसरी साक्षीदार म्हणून काकांनी माझ्या आईला बोलावलं.

"मले लिहता येत नाही," आई म्हणाली.

"अंगठा हाय ना?" काका म्हणाले. "तुमचा अंगठाबी तुमच्या बोलण्यासारखाच खरा असन, बाई. त्या दिवशी ऐकलं ना."

आई पदर तोंडाला लावून हसली. काकू तर हसून खुर्चीतल्या खुर्चीत हलल्या.

तरुणाने माझं नाव, त्यांचं नाव, पत्ता भरला. मग विचारलं, "करार कोणत्या तारखेपासून टाकू? कालच मुदत संपली. तुम्ही फोनवर म्हणाले होते, मधात एक दिवस सोडायचा."

आतल्या खोलीत मुलीची आंघोळ चालली होती. कोमट पाण्याचा, उटण्याचा वास पडद्यातून येत होता, आणि ती जिवाच्या आकांताने रडत होती. काका पडद्याकडे तोंड करून बसले होते.

"लगोलग टाक," ते म्हणाले. "आजपासून."