गौरीच्या दिवशी मला कुणीतरी भरवलं

गेल्या भाद्रपदात देवावरचा माझा विश्वास उडाला होता असं नाही. त्याला हाक मारायचं त्राणच उरलं नव्हतं. जर्मनीतल्या एका लहान गावात, वृद्धाश्रमात परिचारिका म्हणून मला दीड वर्ष होत आलं होतं. सात वर्षांची लेक पुण्यात बिबवेवाडीला माझ्या आईकडे होती. नवरा गेल्यावर परदेशी जायचं मीच ठरवलं होतं, त्यामुळे तक्रार करायचीही सोय नव्हती. लेकीला तिकडे नेण्याचे कागद अर्ध्यावर होते. तरी महिनाअखेर राजीनामा द्यायचा आणि परतायचं, असं मनाने घेतलं होतं.

गौरीपूजनाला सुट्टी मिळाली नाही. सकाळपासून घरून दोनदा व्हिडिओ कॉल आला, मी उचलला नाही. उभ्या गौरी, पुरणाचा घाट, नव्या परकरातली लेक हे सगळं फोनच्या काचेतून बघायचं आणि पुन्हा अंथरुणं बदलायला वळायचं, हे मला झेपलं नसतं. न्याहारीही केली नाही. उपवास वगैरे काही नव्हता, घासच उतरत नव्हता.

दुपारी मला दुसऱ्या मजल्यावरच्या एका नव्वदीच्या आजींना भरवायला पाठवलं. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. तिथली सहकारी म्हणाली, "त्या कुणाशी बोलत नाहीत. दोन दिवस धड खाल्लंही नाहीये." मी बटाट्याच्या सूपवर फुंकर घालून चमचा पुढे केला. त्यांनी तोंड फिरवलं. पुन्हा केला, पुन्हा तेच. माझेच डोळे भरून आले. "माफ करा" म्हणून उठायला लागले, तर त्यांनी माझं मनगट धरलं, चमचा काढून घेतला आणि माझ्या तोंडाशी आणला.

"आधी तू," त्या जर्मनमध्ये, अगदी स्पष्ट म्हणाल्या. "किती लांबून आलीस! घरी आलेली मुलगी उपाशी राहते का कधी?"

मी तोंड उघडलं. मग एक घास मला, एक त्यांना, असं करत वाडगं संपलं. गौर म्हणजे माहेरी आलेली लेक, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या आजींना यातलं काही माहीत असणं शक्य नव्हतं. मला त्यांच्यात कोण दिसलं, ते मी सांगत बसत नाही.

बाहेर येऊन घरी फोन लावला. पुण्यात दुपार कलली होती. "सवड झाली वाटतं बाईसाहेबांना," आई म्हणाली. मग आवाज उतरला. "जेवलीस का गं?"

"जेवले."

"कुणी वाढलं?"

तेवढ्यात लेकीने फोन ओढून घेतला आणि मला गौरी दाखवल्या. मी त्या डोळे भरून पाहिल्या आणि कितीतरी महिन्यांनी मोकळेपणी रडले.

दुसऱ्या दिवशी आजींनी मला ओळखलं नाही. नंतर त्या माझ्याशी कधी बोलल्याही नाहीत. राजीनामा मात्र मी दिला नाही. कागद पूर्ण झाले आणि आता लेकीला न्यायला मी पुण्यात आले आहे. थकवा गेलेला नाही. तिथे परतल्यावर तो तसाच भेटेल. पण देवी कुठे आहे, कुणाच्या रूपात येईल, हे विचारणं मी सोडून दिलं. ज्या हाताने घास येईल त्या हातापुढे तोंड उघडायचं, एवढंच मला जमतं, आणि तिला तेवढं पुरतं.