बिनफीचा शोध

मोठ्या पदांसाठी माणसं शोधून देणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये मी काम करते. आम्ही जाहिरात देत नाही. कंपनी आधी फी देते, आम्ही योग्य माणूस हेरतो आणि त्याचं मन वळवतो. रोह्याच्या कॉलेजातून निघालेल्या, घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीला हे काम फर्मच्या मालकांनी, आमच्या सरांनी शिकवलं. माझं इंग्रजी अडखळायचं, तेव्हा शेजारी बसून माझ्याकडून फोन करून घेतले. ते मी विसरणार नाही. म्हणूनच यंदा झालं ते जास्त लागलं.

यंदा सरांनी प्रत्येकाचं काम मोजायला घेतलं. कुणी किती फी आणली आणि किती माणसं रुजू केली, त्यावर नोकरीत कोण राहणार ते ठरणार होतं.

माझ्या वाट्याला रोह्याचाच एक रासायनिक कारखाना आला. त्याचा आधीचा प्रमुख आमच्याच एका सहकाऱ्याने मिळवून दिला होता. त्या प्रमुखाच्या बायकोचं रोह्यात मन रमेना, वर्षाच्या आत तो निघून गेला. असं झालं की दुसरा माणूस आम्ही फुकट शोधून द्यायचा, असा करार असतो. पहिली फी सहकाऱ्याच्या नावावर राहिली आणि बिनफीचा शोध माझ्याकडे आला.

नाशिकचे एक गृहस्थ जवळजवळ तयार झाले. आधीचा अनुभव होता, म्हणून मीच म्हटलं, पत्नीलाही आणा. ते कारखान्यात असताना मी बाईंना शाळा, दवाखाना, नदीकाठ दाखवला. जेवायची वेळ झाली तशा त्या म्हणाल्या, "हॉटेल नको. तुमचं गाव इथेच ना?"

मी त्यांना निडीला घरी नेलं. आईने वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी वाढली. बाई आवडीने जेवत होत्या, हसत होत्या. मग त्यांनी सहज विचारलं, "मावशी, इथे कारखान्यांचा वास येतो का हो?"

मी आईकडे पाहिलं. आई भाकरी थापत होती.

"येतो ना गो बाय. रातीचा जास्त. आमाला आता कळत नाय, पण तुला कळंल. पोरं खोकतात कधी कधी."

बाईंनी मान हलवली आणि आणखी थोडं बिरडं मागून घेतलं. दोन दिवसांनी गृहस्थांचा नकार आला. मुलाला दमा आहे, म्हणाले.

ऑफिसात मी घडलं ते सांगितलं, तेव्हा तोच सहकारी म्हणाला, "तुझ्या आईला उमेदवारांच्या चौकशीला, रेफरन्स चेकला घेऊया. आपलं एकही माणूस रुजू होणार नाही!" सगळे हसले, मीही हसले.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "घरी कशाला नेलंस? आणि नेलंस तर आईला आधी सांगून ठेवायचं."

"काय सांगून ठेवायचं, सर?"

त्यांनी समोरचा कामाचा तक्ता माझ्याकडे फिरवला. "तो माणूस आला असता आणि मुलासाठी परत गेला असता, मग पुन्हा फुकट शोधावं लागलं असतं, हे मला कळतं गं. पण न झालेलं नुकसान मी कशात मोजू? तुझ्या नावावर ना फी, ना माणूस. तीन महिने देतो."

सर खोटं बोलत नव्हते. फर्म त्यांनाही चालवायची आहे. पेणच्या माझ्या खोलीचं भाडं आणि घरी पाठवायचे पैसे त्याच फर्ममधून येतात.

रविवारी घरी गेले, तर आईने विचारलं, "ती बाय येनार ना गो राह्याला?"

"नाय."

"माझ्यामुळं?"

"नाय गो, त्यांच्या पोराला बरं नसतं."

आई बराच वेळ भांडी घासत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "आता कोनी आला तर हॉटेलात ने. नायतर मला सांग, मी त्या दिवशी घरात नसन."

पाहुणा येणार म्हणून आई घराबाहेर राहील, असं आमच्या घरात कधी झालेलं नाही.

पुढच्या आठवड्यात कोल्हापूरचे एक जण पत्नीला घेऊन येत आहेत. दुपारी त्यांना कुठे जेवायला न्यायचं, ते माझं अजून ठरलेलं नाही.