दोनदा तांबडं फुटलं ती रात्र

आमच्या घरात दोन शब्दांना बंदी होती. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण ती होती. एक लांबडं आणि दुसरा तांबडं. पहिल्याचं कुणाला नवल वाटलं नसतं. सापाचं नाव दिवेलागणीनंतर घेतलं की तो येतो, म्हणून गावात त्याला लांबडं म्हणत, आणि तेवढंही म्हणायची ज्यांना भीती वाटे ते नुसतं जनावर म्हणत. पण तांबडं? रेणापूरकडच्या माणसाला या शब्दावाचून पहाट सांगताच येत नाही. मोट जुंपायची ती तांबडं फुटल्यावर, बाजाराला निघायचं ते तांबडं फुटायच्या आत. आमच्याकडे मात्र "उजाडलं" म्हणायचं. शेजारणी माझ्या आईला, मायला, म्हणत, "तुमच्याकडचं बोलनं लई सुधारलं की." माय हातातलं काम पुढं चालवायची.

ही बंदी पडली तेव्हा निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं होती. मी आठ-नऊ वर्षांची असेन. दादा माझ्याहून बराच मोठा, लातूरच्या उर्दू शाळेत शिकायचा आणि रमजानच्या सुट्टीत गावी यायचा. गावात आला की त्याचा तोरा बघण्यासारखा असे. मला तो "मोहतरमा" म्हणून हाक मारायचा आणि पाणी मागायचा. मी पाणी द्यायचे आणि पेल्यात चिमूटभर मीठ टाकायचे. तो तोंड वाकडं न करता सगळं पिऊन "शुक्रिया" म्हणायचा, त्यामुळे माझा फार संताप होई.

त्या संध्याकाळी तो बैलांना कडबा टाकायला गेला आणि लगेच परत आला. पायाला काहीतरी टोचलं, म्हणाला. मायनं कंदील खाली धरला. घोट्यापाशी दोन बारीक ठिपके होते, रक्तही धड नव्हतं. आबा, माझे वडील, वाकून बघत राहिले आणि मग सरळ होऊन म्हणाले, "पान लागलं."

साप चावला असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. पान लागलं म्हणतात. आणि पान लागलेल्या माणसाचं काय करायचं हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्याला मारुतीच्या देवळात नेऊन बसवायचं आणि तांबडं फुटेस्तोवर झोपू द्यायचं नाही. झोप लागली की विष चढतं. तांबडं बघितलं की माणूस वाचला. दवाखाना लातूरला, नदीला पाणी आलेलं, गाडी पलीकडं जाणं शक्य नव्हतं. सगळी भिस्त त्या तांबड्यावर होती.

देवळाच्या ओसरीत दादाला भिंतीशी टेकवून बसवलं. वाडीवरनं एक जाणता आला, त्यानं मंत्र टाकला आणि लिंबाचा पाला चावायला दिला. "कडू लागतो का?" दादा म्हणाला, "लागतो." सगळ्यांनी सुस्कारा सोडला, कारण कडू लागतंय तोवर विष भिनलं नाही असं समजत. मला तर गंमतच वाटत होती. एवढी माणसं, एवढे कंदील, आणि मला कुणी झोपायला पिटाळत नव्हतं. मी घोंगडी पांघरून खांबाला टेकून बसले होते.

रात्र चढली तशी दादाच्या पापण्या पडायला लागल्या. आबांनी त्याला पाढे म्हणायला लावलं. तो शाळेत शिकला तसे उर्दूत म्हणायला लागला, सात एकम सात, सात दूनी चौदह. आधी खणखणीत, मग अडखळत, मग जीभ जड झाल्यासारखं. सातावरच तो फिरून फिरून येत होता. पाढा थांबला की माय त्याच्या गालावर चापट मारायची. "डोळे उघड. उघड डोळे." तोंडावर पाणी मारलं, चिमटे काढले, दोघांनी बगलेत धरून ओसरीत चालवलं. पाला पुन्हा दिला तेव्हा तो म्हणाला, "कायच लागत न्हाई." त्यानंतर मायच्या चापटा जोरात बसायला लागल्या. तिला मी त्याआधी कधी कुणावर हात उगारताना पाहिलं नव्हतं. आम्ही घरात वाट्टेल ते केलं तरी ती नुसती रागानं बघायची. दादा म्हणत होता, "माय, झोपू दे गं," आणि ती आणखी एक ठेवून देत होती. मला रडू यायला लागलं, तेव्हा कुठं ही गंमत नाही हे मला कळलं.

आणि मग देवळाच्या भिंतीवर उजेड आला.

भिंत चुन्याची होती. तिच्यावर कंदिलाचा पिवळा पट्टा होता, त्याच्या भोवतीचा भाग हळूहळू लालसर झाला. बाहेर बघितलं तर माळावरचं आभाळ तांबडं झालेलं. ज्वाळा नव्हत्या, धूर नव्हता, आवाज तर कसलाच नव्हता. राखेखाली विस्तव असावा तसं ते आभाळ आतून लाल होतं आणि वर वर चढत होतं. गावात कोंबडे आरवायला लागले. एक गाय हंबरली. आबा उठून ओसरीच्या कडेला गेले, दोन्ही हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "तांबडं फुटलं. सुटलं माझं लेकरू. झोपू द्या आता त्याला."

आता कुणी विचारेल, त्या माणसांना दिशा कळत नव्हत्या का? चांगल्या कळत होत्या. चांदण्या बघून वेळ सांगणारी माणसं होती ती. पण देवळाची ओसरी उत्तरेला उघडणारी, पूर्वेला चिंचेची गर्दी, आणि संध्याकाळपासून प्रत्येकजण एकाच गोष्टीची वाट बघत बसलेला. हवं ते समोर आलं, ते कुठून आलं हे कुणी बघितलं नाही.

मायनं दादाचं डोकं मांडीवर घेतलं. त्याचा लाल झालेला गाल ती पदरानं पुसत होती. तो काहीतरी पुटपुटला आणि झोपला. माणसं हसायला, बोलायला लागली, कुणी तंबाखू मळायला घेतली. जाणत्यानं नारळ फोडला. मलाही खोबऱ्याचा तुकडा मिळाला.

तेवढ्यात पिंजारी चाचा आले. गावातल्या मुसलमानांना सहेरीसाठी, रोज्याआधीच्या जेवणासाठी, उठवायचं काम त्यांचं होतं, आणि लाल आभाळ बघून त्यांना वाटलं की त्या रात्री आपण झोपून राहिलो, लोकांचे रोजे उपाशी पडणार, म्हणून ते धावतच मशिदीकडं निघाले होते. चिंचा ओलांडून पलीकडं गेल्यावर ते थबकले आणि परत फिरले. ओसरीशी येऊन हलक्या आवाजात आबांना म्हणाले, "भाऊसाब, ये सुबू नै है. पूरब में तो पूरा अंधेरा है."

आबा ओसरी उतरून चिंचेपलीकडं गेले. मीही त्यांच्या मागं गेले. पूर्वेला काळंकुट्ट आभाळ होतं, चांदण्या जिथल्या तिथं. आणि आम्ही मागं वळून बघेपर्यंत उत्तरेकडची लालीही उतरायला लागली होती. बघता बघता ती विझली आणि पुन्हा रात्र झाली. रात्र अशी परत आलेली मी त्याआधी बघितली नव्हती आणि नंतरही नाही. अजूनही कधी वीज जाऊन घर एकदम काळं होतं तेव्हा माझ्या जिभेवर खोबऱ्याची चव येते. मी खोबरं खात नाही.

माणसं दादाला उठवायला गेली तर तो उठेना. आबा त्याला गदागदा हलवत होते. माय मात्र हललीही नाही. तिच्या मांडीवरून त्याचं डोकं काढून घ्यावं लागलं. खरं तांबडं फुटलं तेव्हा देवळात कुणी आभाळाकडे बघितलं नाही.

कुणी म्हणालं, कुठंतरी गाव पेटलं असेल. कुणी म्हणालं, मारुतीचा कोप. राज्य गेलं, दुसरं आलं, आबा तसेच राहिले. फक्त सकाळ झाली यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. पहाटे जाग आली तरी ते अंथरुणावर बसून राहत. ऊन आलं की उठून भिंतीला तळहात लावत. भिंत कोमट लागली की मग तोंड धुवायला जात. आणि मायनं त्या रात्रीनंतर कुणाला झोपेतून उठवलं नाही. शाळा बुडो, गाडी चुको, ती उठवायची नाही. मी तिला आळशी पोरांची आई म्हणून चिडवायचे. आपण काय बोलतोय हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मी शिकले, नांदेडला शाळेत विज्ञान शिकवायला लागले, आणि आबा-माय म्हातारपणी माझ्याकडे राहायला आले. तिथंही आबांचं भिंतीला हात लावणं चालूच होतं. शाळेच्या ग्रंथालयात एकदा सूर्यावरचं एक जाड पुस्तक आलं. सूर्यावर मोठं वादळ झालं की ध्रुवाकडं दिसणारा प्रकाश कधी कधी खूप दक्षिणेला उतरतो, तिथं तो नुसता लाल दिसतो, आणि लोकांना आग लागल्यासारखी किंवा पहाट झाल्यासारखी वाटते, असं त्यात लिहिलं होतं. मी ते पान उभ्या उभ्या दोनदा वाचलं. आमच्या माळावर तेच उतरलं होतं का, हे आता खात्रीनं कोण सांगणार? पण मला खात्री वाटली. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील डॉक्टर होते, त्यांना मी त्याच सुमारास सर्पदंशाबद्दल विचारलं. ते म्हणाले, झोपेचा आणि विषाचा काहीएक संबंध नाही. पापण्या पडतात, जीभ जड होते, ती झोप नसते, ते विषच असतं. जागं ठेवा नाहीतर झोपू द्या, औषध नसेल तर सारखंच.

मला वाटलं, आता मी आबांना सोडवते. माझ्या हातात किल्लीच आली होती. त्याच दिवशी शाळेतून आले, चपलाही काढल्या नाहीत, आणि त्यांच्यासमोर बसले. माय पलीकडे सुपात तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. सूर्याचं वादळ सांगितलं, लाल प्रकाश सांगितला. म्हटलं, "आबा, तुम्ही चुकला न्हाईत, तिथं कुनीबी चुकलं असतं. आन झोपू दिलं म्हनून दादा गेला न्हाई. झोपेचा कायच संबंध नसतो. रातभर जागा ठेवला असता तरी तेच झालं असतं."

आबा माझ्याकडं बघत राहिले. "खरं सांगायलीस का, बाई?"

"हाव. डॉक्टर म्हनले."

ते ओक्साबोक्शी रडले. म्हाताऱ्या माणसाला तसं रडताना बघवत नाही, पण मला आतून हलकं वाटत होतं. इतक्या वर्षांचं शिक्षण कामी आलं असं वाटत होतं. मी मायकडं वळून हसले.

तिच्या हातातलं सूप थांबलं होतं.

"त्येला झोप येत नव्हती?" तिनं विचारलं.

"न्हाई गं माय. पापन्या उचलतच नसतील त्याच्या."

"आन मी म्हनत हुते, डोळे उघड." ती आपल्या उजव्या तळहाताकडं बघत होती. "मंग मी त्येला रातभर मारलं ते कशाला?"

आबांनी डोळे पुसले आणि घाईघाईनं म्हणाले, "त्येला लागत नव्हतं गं. अंग बधिर झालं हुतं पोराचं."

"लागत हुतं," माय म्हणाली. "दर खेपेला माय म्हनत हुता."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा भिंतीला हात न लावता उठले आणि तोंड धुवायला गेले. माय भिंतीकडे तोंड करून पडून होती. ती जागी होती हे मला दिसत होतं, तरी मी तिला उठवलं नाही.