आमची विधवा भगिनी

आपण गरीब आहोत हे मला देवळात कळलं. घरात तसं कधी वाटलं नव्हतं. वडील कल्याणच्या लोकोशेडमध्ये फिटर होते. मी नऊ वर्षांची असताना विषमज्वरानं गेले. आई मिशनच्या दवाखान्यात शिकलेली सुईण. म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात तिची नोकरी होती, शिवाय गावातली माणसं अडीनडीला तिला घरी बोलवायला येत. काळ्या तलावाच्या पलीकडे चार खोल्यांची एक कौलारू चाळ होती, तिच्यातली शेवटची खोली आमची. दोन वेळचं जेवण, माझी शाळा, नाताळात एक नवा फ्रॉक, एवढं व्यवस्थित भागत होतं. शेजारच्या कोकणातल्या काकू तर म्हणायच्या, "तुझ्या आईसारखी कमावती बाई या आळीत दुसरी नाय."

पण रविवारी उपासनेत पाळकसाहेब डोळे मिटून प्रार्थना करायचे, "प्रभू, आमच्यातल्या विधवा भगिनीची आणि तिच्या पोरक्या लेकराची आठवण ठेव," आणि सगळी डोकी आमच्या बाकाकडे वळायची. प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात. मी उघडे ठेवत असे, म्हणून मला हे माहीत.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान होती; चर्चला आम्ही देऊळच म्हणत असू. रेल्वेतले कारकून, दोन-तीन मास्तर, काही नर्सबाया. त्यात श्रीमंत म्हणावा असा एकच माणूस, एक कंत्राटदार. लढाईच्या काळात त्यानं गावाबाहेरच्या लष्करी छावणीला लाकूड, कोळसा आणि विटा पुरवल्या आणि बक्कळ पैसा केला. देवळाचं छप्पर त्यानं घातलं, बाजाची पेटी त्यानं आणली, मंडळीच्या पंचांमध्ये पहिली खुर्ची त्याची. आमची चाळही त्याचीच. आम्ही मुलं त्याला काका म्हणत असू. इथे मी म्हणणार नाही.

लढाई संपल्यावर एका नाताळात परदेशातून मोठाली खोकी आली. दुधाची भुकटी आणि जुने कपडे. ते देवळात सगळ्यांसमोर वाटायचे असं ठरलं. आईनं आमचं नाव दिलं नव्हतं, ते पंचांनीच घातलं. नाव पुकारल्यावर मला पुढे जावं लागलं. कंत्राटदारानं मला एक लोकरीचा ओव्हरकोट दिला, माझ्या घोट्यापर्यंत येणारा, कॉलरला कसल्यातरी जनावराची केसाळ कातडी लावलेली. कल्याणमध्ये! "घाल, घाल, बघू तरी," तो म्हणाला. मी घातला. लोक हसले. तोही हसला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "प्रभूचे आभार मान." उजव्या हातानं दिलेलं डाव्या हातालाही कळू नये, असं आम्हाला रविवारच्या शब्बाथ शाळेत दरवर्षी शिकवत. इथे फोटोवाला बोलावला होता.

शिकवण काही एकच नव्हती. श्रीमंतानं स्वर्गात जाणं उंटानं सुईच्या नाकातून जाण्याहून अवघड आहे, हा भाग ज्या रविवारी आला त्या दिवशी मी मोठ्या आशेनं कान टवकारले. पाळकसाहेबांनी समजावलं, की सुईचं नाक म्हणजे खरी सुई नव्हे, ती एका जुन्या शहरातली अरुंद वेस होती, आणि उंटानं पाठीवरचं ओझं उतरवून गुडघे टेकले की तो आरामात आत जात असे. कंत्राटदार पहिल्या खुर्चीत मान डोलवत होता. उंट आत गेला होता. मग पाळकसाहेब गरिबांकडे वळले आणि गरिबांसाठी मात्र त्यांनी एकही वेस शोधली नाही. गरिबांनी धीर धरावा, कुरकुर करू नये, त्यांचं प्रतिफळ वर ठेवलेलं आहे.

त्यानंतरच्या हंगामाच्या सणाला ते भोपळ्याचं प्रकरण घडलं. हा सण आमच्याकडे दरवर्षी असे. ज्याच्या घरी जे पिकतं ते देवाला आणायचं, मेजावर मांडायचं, आणि उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव करून पैसे मंडळीच्या कामाला लावायचे. आईनं मोरीच्या पाण्यावर भोपळ्याचा वेल वाढवून छपरावर सोडला होता. त्याला एक तांबडा भोपळा असा धरला की दोन हातांच्या कवेत मावेना. आईनं तो कापडानं पुसला, देठाला फीत बांधली आणि डोक्यावर घेऊन देवळात नेला. इतकी खुशीत मी तिला वडील गेल्यापासून पाहिली नव्हती.

लिलावात दोघा-तिघांनी बोली लावली. मग कंत्राटदारानं एकदम एवढा मोठा आकडा उच्चारला की बोली तिथेच संपली. तेवढ्यात गाडाभर भोपळे आले असते. टाळ्या पडल्या. तो उठला, भोपळ्यावर हात ठेवून म्हणाला, "हा मी आमच्या विधवा भगिनीला परत देतो. घरात लेकरू आहे. खाऊ दे बिचारीला."

पुन्हा टाळ्या. पाळकसाहेब तर भारावून गेले. त्यांनी तिथल्या तिथे त्या दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट सांगितली, जिनं आपल्याजवळ होतं नव्हतं ते सगळं मंदिराच्या पेटीत टाकलं. आईकडे हात करून म्हणाले, "तशीच ही!" आईनं होतं नव्हतं ते टाकलेलं नव्हतं. तिनं एक भोपळा दिला होता, खुशीनं, आणि तिचं ते देणं एका मिनिटात त्या माणसाचं झालं. ती देणारी होऊन आली होती, तिला घेणारी करून उभं केलं.

आई पुढे गेली. मला वाटलं भोपळा उचलणार. तिनं तो मेजावर थोडा आत सरकवला, कडेवरून पडू नये म्हणून.

"हा मी देवाला दिलाय," ती म्हणाली. "दिलेलं मी परत नेत नाही."

"अहो बाई, तुमच्यासाठीच घेतला मी!"

"मग तुम्हीच न्या, साहेब. तुम्ही विकत घेतलाय."

"अभिमान बरा नव्हे हो," तो हसत हसत म्हणाला, पण हसू नुसतं तोंडावर होतं. आईनं माझा हात धरला आणि आम्ही घरी आलो. रस्ताभर तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखत होती.

फाळणी झाली आणि ती लष्करी छावणी निर्वासितांनी भरून गेली. सिंधमधून आलेली माणसं, कुटुंबंच्या कुटुंबं. त्यांतल्या ज्यांच्या गाठीला काही होतं ते कल्याणात खोल्या शोधू लागले. खोलीला पागडी मिळू लागली. कंत्राटदाराला चाळ रिकामी हवी झाली. आमच्या शेजारच्या तिन्ही बिऱ्हाडांना त्यानं थोडे थोडे पैसे दिले आणि ती उठली. काकू जाताना आईला म्हणाल्या, "घे बाय काय मिळतंय ते. नंतर तेवढं पण नाय देणार."

आम्हाला पैशाचं कुणी विचारलंच नाही. आमच्याकडे पाळकसाहेब आले. चहा घेतला, आमच्या एकुलत्या खुर्चीवर बसले आणि प्रार्थना केली. मग म्हणाले, "पंचसाहेबांची इच्छा आहे की तुम्ही खोली सोडावी. आपण एकाच कुटुंबातली माणसं, तुमच्याशी व्यवहाराचं काय बोलायचं, म्हणून ते स्वतः आले नाहीत."

"शेजाऱ्यांशी बोलले की," आई म्हणाली.

"ते बाहेरचे. बाई, या जगात आपलं कायमचं घर कुठे असतं? आपण वाटसरू. धन साठवायचं ते वर, जिथे कसर लागत नाही. नगरला मिशनचं विधवागृह आहे, तिथे मी शब्द टाकतो."

"माझी नोकरी इथे आहे, पाळकसाहेब. मुलीची शाळा इथे आहे. आणि वर साठवायचं चांगलं असेल तर आधी पंचसाहेबांनी साठवावं, मी त्यांच्या मागून येते."

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. ते वाईट होते असं नाही, त्यांचा पगार ज्या पेटीतून निघे तिच्यात सगळ्यात जड हात कुणाचा पडतो ते त्यांना ठाऊक होतं. हे मला आता समजतं. पण समजलं म्हणून राग कमी होतो असं मला कधी आढळलेलं नाही.

त्याच सुमारास शब्बाथ शाळेचा वार्षिक समारंभ आला. प्रत्येक मुलानं शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक उतारा पाठ म्हणायचा असे. मला नेमका तो दोन दमड्यांचा उतारा दिला. पाठ करताना मी त्याच्या वरच्या ओळी वाचल्या, आणि पुन्हा एकदा वाचल्या. विधवेची गोष्ट सुरू होण्याच्या अगदी आधी प्रभू स्वतः लोकांना बजावत होते, की लांब झगे घालून मिरवणाऱ्यांपासून, पुढच्या जागा मागणाऱ्यांपासून सावध राहा. हे देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात आणि विधवांची घरं गिळतात. इतकी वर्षं ती गोष्ट ऐकत होते, या चार ओळी एकदाही कुणी वाचून दाखवल्या नव्हत्या.

समारंभाच्या दिवशी मी तिथपासून सुरुवात केली. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. घरं गिळण्याच्या शब्दाशी आले तेव्हा मी कंत्राटदाराकडे सरळ पाहिलं. पाळकसाहेबांचा चेहरा पडला. मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. मी शेवटपर्यंत म्हटलं.

आणि कंत्राटदार टाळ्या वाजवू लागला! "शाब्बास! नेमून दिलं त्यापेक्षा जास्त पाठ केलंस!" त्यानं मला पहिलं बक्षीस दिलं, कंपासपेटी. त्याला काही लागलंच नाही. ते शब्द दुसऱ्या कुणासाठी आहेत, कुठल्यातरी जुन्या काळातल्या वाईट माणसांसाठी, अशी त्याची खात्री होती. मी घरी येऊन रडले. आई म्हणाली, "मला सांगून करायचं होतंस." एवढंच.

मे महिन्यात त्याची माणसं दुरुस्तीच्या नावाखाली चाळीवर चढली आणि सगळी कौलं उतरवून अंगणात रचून ठेवली. परत घालायला कुणी आलं नाही. आठ-दहा दिवस आम्ही उन्हात तापत काढले, पलंगावर साडी ताणून तिच्या सावलीत जेवलो. पाऊस तोंडावर आल्यावर आईनं डोंबिवलीत एक खोली पाहिली. तेव्हा तिथे वस्ती थोडी, भाताची खाचरं जास्त. सामान नेताना मंडळीतलं एकही माणूस आलं नाही. नगरच्या विधवागृहाचा अर्ज मात्र पोस्टानं आला.

पुढे चार-पाच वर्षांनी, मी ठाण्याला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला असताना, सुट्टीत घरी आले होते. दुपारी कंत्राटदाराचा माणूस कल्याणहून धापा टाकत आला. धाकट्या सूनबाई सकाळपासून अडल्या आहेत, मूल पायाळू आहे, डॉक्टर मुंबईला गेलेत. मी म्हटलं, "जाऊ नकोस." आई पिशवी भरत होती. "बाळानं काय केलंय?" तिनं विचारलं. पिशवी घेऊन मीही निघाले.

त्या बंगल्यात आईनं तीन-साडेतीन तास झुंज दिली. मी गरम पाणी देत होते. मूल निळं पडून आलं. आईनं त्याच्या तोंडात फुंकर घालघालून त्याला रडवलं. बाळ-बाळंतीण दोघंही वाचली.

हात धुऊन आई दिवाणखान्यात आली तेव्हा कंत्राटदार तबकात रेशमी साडी घेऊन उभा होता. डोळ्यांत पाणी होतं, ते खरं असावं. "आमच्या विधवा भगिनीनं आज मोठी सेवा केली," तो घरच्यांना म्हणाला. "ही आमच्याकडून छोटीशी भेट."

"साडी नको, साहेब. माझी फी द्या."

"फी?"

"मुंबईचा डॉक्टर अशा कामाला घेतो त्याच्या निम्मी."

"अहो, आपल्यात असं... ही प्रभूची सेवा आहे."

"दान मी रविवारी करते," आई म्हणाली. "हे माझं काम आहे."

सगळं घर बघत होतं. त्यानं आतून पैसे आणवले. आईनं ते मोजून पदरात बांधले आणि बाळंतिणीला काय खायला द्यायचं ते सासूला नीट सांगून मग निघाली. त्या दिवशी मला तिचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी कुणाचा वाटला नाही.

तो चार दिवस टिकला. रविवारी आई ठाण्याच्या देवळात गेली, कल्याणचं तिनं सोडलं होतं, आणि त्या पैशांतला दशांश तिनं दानाच्या थाळीत ठेवला. मी शेजारीच होते. घरी आल्याबरोबर मी विचारलं.

"ज्याच्या नावानं त्यांनी आपल्याला घराबाहेर काढलं, त्यालाच देतेस?"

"त्यानं नाही काढलं. माणसानं काढलं."

"पैसे जातील ते माणसांच्याच हातात ना? तसल्याच पंचांच्या?"

आई तांदूळ निवडत होती. सापडलेला खडा तिनं बाजूला टाकला. मग म्हणाली, "जातील."

"मग?"

"मग काही नाही. मी देणार."

मी त्या दिवसापासून देवळात जाणं सोडलं. आई जात राहिली, एकटी, दर रविवारी. आम्ही तिनं काय द्यावं यावर पुन्हा कधी बोललो नाही, कारण बोललो असतो तर मी तिला लागेल असं काहीतरी बोलले असते.