तीन इंची नळी

नळीबुवा कुणाच्याही घरी गेले की राम राम करण्याआधी भिंतीला गाल लावायचे. दाराची फट, खिडकीची चौकट, कौलांखालची सांद, जिथे म्हणून वारा शिरायला जागा असेल तिथे डावा गाल टेकवून, डोळे मिटून ते उभे राहत. नवख्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याला घेरी आली. मग ते डोळे उघडून निकाल सांगत, "बापा, तुमच्या घरात हवा येते, पन बसत नाई. पाहुनी आली तशी चालली जाते." हा डावा गाल ते रोज तुळतुळीत करत. उजव्याची दाढी आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी.

साठ सालाच्या आगेमागे मी अमरावतीहून अकोल्याला सायन्स मास्तर म्हणून लागलो आणि त्यांच्या दुकानासमोरच दोन खोल्या भाड्याने घेतल्या. दुकान म्हणजे एक टिनाचं छप्पर, एक ऐरण, आणि दिवसभर ठोकाठोकी. बादल्या, नरसाळी, तेलाची मापं असं पोटापुरतं काम ते करत, पण जीव नळ्यांमध्ये. उमेदीची वर्षं त्यांनी जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, घालवली होती. तिथे कापूस हवेच्या जोरावर मोठमोठ्या टिनाच्या नळांतून यंत्रापर्यंत ओढला जातो. ते नळ जोडता जोडता बुवांच्या डोक्यात शिरलं की कापूस जर हवेवर बसून फिरतो, तर नुसती हवा माणसाच्या घरात का फिरू नये.

अकोल्याचा वैशाख ज्याने काढला आहे त्याला मी वेगळं काय सांगणार. पैसेवाले खिडकीला वाळ्याची ताटी लावून पाणी मारत, पण गारवा त्या एका खोलीचा. माजघरात बायका भाजून निघत. बुवांनी त्यावर तोड काढली. टिनाची एक पेटी, तिच्या तीन बाजूंना वाळा, वरून पाणी ठिबकतं, आत जिनाच्या भंगारातून आणलेला पंखा, आणि पेटीतून निघालेली तीन इंच तोंडाची नळी भिंतीच्या कडेने थेट माजघरात. भिंतीला भोक मुठीएवढं. गिऱ्हाईक हमखास म्हणे, बुवा, नळी जरा रुंद करा, इतकीशी हवा कुणाला पुरणार? मग बुवा त्याला तळहात तोंडासमोर धरायला लावत. "आता तोंड वासून फुंका. कशी लागली? गरम. आता ओठाचा चंबू करून फुंका. कशी लागली? गार. तोंड तेच, हवा तेच. समजलं का आता?" मोठमोठे वकील त्या दुकानासमोर उभे राहून स्वतःच्या हातावर फुंकर घालताना मी पाहिले आहेत, आणि खिडकीतून मनसोक्त हसलो आहे.

नळीला कोपऱ्यात काटकोन द्यायला ते कधी तयार झाले नाहीत. पाच तुकडे तिरपे कापून, एकाला एक कथलाचा डाग देऊन ते गोल वळण करत. त्यात अर्धा दिवस जाई. "हवेले मोडू नाई, मास्तर, वयवावं," ते म्हणत. "काटकोन देल्ला का ते भितीवर डोक्सं आपटते आन् घरभर बोंबलते." मी त्यांना घर्षण, दाब असं काहीबाही सांगे. ते मान डोलावून ऐकत आणि मग गिऱ्हाइकाला सांगत, "सायन्सवाल्या मास्तरले इचारलं म्या. पास हाये." मला ते आवडायचं, हे कबूल करतो. शाळेत मला कुणी काही विचारत नसे. पोरं तर नाहीच. इथे चांगला पन्नाशी उलटलेला कारागीर प्रत्येक नवी नळी मला दाखवल्याशिवाय लावत नव्हता.

त्यांना एकच मुलगी, कुसुम. बडनेऱ्याला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला ती पौषात माहेरी आली, आणि बुवांना नवा ध्यास लागला. बाळंतिणीची खोली म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. वारं लागू नये म्हणून फटी चिंध्यांनी बुजवायच्या, बाजेखाली शेगडी, वर ओवा-शोपांची धुरी. कुसुमला लहानपणापासून धूर सोसत नसे. चुलीपुढे बसली की डोळे सुजत आणि खोकला धरे. बुवा म्हणाले, "मास्तर, शेगडी भायेर आन् ऊब आत. धुराचं नावच नोको." उन्हाळ्याचीच ती पेटी. वाळा काढून त्यांनी तिच्या बाजू पत्र्याने बंद केल्या, आत लोणारी कोळशाची शेगडी ठेवली, आणि नळी भिंतीतून कुसुमच्या खोलीत सोडली. पंखा सुरू केला की आत नुसती ऊब यायची.

बाळंतपणाच्या आधी आठ दिवस त्यांनी मला बोलावलं. "एकडाव पाहून घ्या. तुमी म्हनसान तर लावतो, नाई तर नाई. पोरीचा मामला हाये." मी शाळेची तापमापी घेऊन गेलो. खोलीतलं तापमान घेतलं, नळीच्या तोंडाशी घेतलं, वहीत मांडलं. नळीला नाक लावून पाहिलं. धूर नाही, राख नाही, कसलाही वास नाही. यशोदाकाकू, म्हणजे बुवांच्या पत्नी, दारात चहा घेऊन उभ्या होत्या. मी कपबशी हातात घेतली आणि म्हणालो, "बुवा, एक नंबर काम. बेलाशक लावा."

त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी, मी वर्गात फळ्यावर लिहिलं होतं : अपुऱ्या हवेत कोळसा जळाला की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला रंग नाही, वास नाही, तो विषारी आहे. परीक्षेत त्यावर प्रश्नही घातला होता. तो वायू माझ्यासाठी पुस्तकातला होता. समोरच्या घरातल्या शेगडीत तो असेल, असं डोक्यातसुद्धा आलं नाही.

मुलगा झाला. दहा दिवस सगळं छान चाललं. माणसांची ये-जा होती, दार उघडं-मिट होत होतं, पंखा घटकाभर लावत आणि बंद करत. अकराव्या दिवशी सकाळी उत्तरेचं वारं सुटलं, बोटं वळेनात अशी थंडी पडली. कुसुमचं न्हाणं झालं. काकूंनी तिचं डोकं बांधून तिला बाजेवर निजवलं, दाराखालच्या फटीत गोधडी कोंबली आणि बाळाला तेल लावायला अंगणात उन्हात नेलं. बुवांनी शेगडी काठोकाठ भरली. दाराखिडकीला गाल लावून पाहिला, एकही उघडी फट सापडली नाही म्हणून खूश झाले, आणि पंखा सुरू करून दुकानात जाऊन बसले.

तास-दीड तासाने काकू बाळाला पाजायला घेऊन गेल्या आणि त्यांची किंकाळी मी माझ्या खोलीत ऐकली. मी धावत गेलो. कुसुम कुशीवर निजलेली, उशाशी हात. गाल लाल, ओठ लाल, एखाद्या निरोगी मुलीसारखे. जमलेल्या बायका रडता रडता म्हणत होत्या, पाहा ना माय, कशी लक्ष्मीसारखी दिसून राहिली. मला मात्र तो लाल रंग पाहताच कळलं; त्या वायूने गेलेला माणूस असाच लाल दिसतो, हेही पुस्तकात होतं. माझंही डोकं जड झालं होतं. पंखा अजून फिरत होता. मी बाहेर जाऊन बटण बंद केलं, परत येऊन खिडकीच्या चिंध्या ओढून काढल्या. बायका ओरडल्या, "बाहेरचं वारं घेता काय मास्तर आता तिच्या अंगावर!" मी उरलेल्या चिंध्याही काढल्या.

वारं लागलं, असंच सगळ्यांनी ठरवलं. ओल्या बाळंतिणी जात असत तेव्हा, त्यामुळे कुणी जास्त विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मोर्णेच्या काठी राख सावडताना बुवा माझ्याजवळ आले. दोन्ही गालांवर दाढी वाढली होती. "मास्तर, तुमी शिकले-सवरले हा. खरं सांगा, कायनं गेली माही पोरगी?"

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण समोर तो बाप, हातात ते मडकं. आणि खरं सांगायचं तर त्याहून मोठी भीती मला माझी होती. हा माणूस पुढचा प्रश्न विचारील, मग तुम्ही पास कसं म्हणालात? मी म्हणालो, "वारं लागलं असेल, बुवा."

त्यांनी मडकं वाळूवर टेकवलं. मग म्हणाले, "म्हनजे सांधा सुटला असन नयीचा. तिथूनच थंडी शिरली. माह्या हातचा सांधा कच्चा राह्यला, मास्तर."

ते वर्ष त्यांनी सांधे पक्के करण्यात घालवलं. माझ्या खोटेपणाला असं फळ येईल, हे मला सुचलं नव्हतं. जावयाने बाळ बडनेऱ्याला नेलं, काकूंनी अंथरूण धरलं, आणि बुवा दुकानात एकेका सांध्याला दोन-दोन डाग देत बसले. पुढच्या मार्गशीर्षात ते एक नवी पेटी आणि नळ्यांचा भारा घेऊन निघालेले मला दिसले. मी विचारलं, कुठे? "मागच्या गल्लीत. वकीलसायबाची पोरगी आली बायतपनाले. मीच म्हटलं त्याह्यले, फुकट लावून देतो. या डाव सुईएवढी फट नाई ठेवली, मास्तर. माही गेली, दुसऱ्याची नाई जाऊ देत."

मी त्यांचा हात धरून त्यांना दुकानात परत आणलं. ऐरणीशेजारी बसवलं आणि सगळं सांगितलं. कोळसा, कोंडलेली हवा, तो वायू, तो लाल रंग. वर्गात सांगतो तितक्याच सोप्या भाषेत सांगितलं.

"वारं नाई लागलं तिले?"

"नाही."

"माह्या नयीनं गेली."

मी मानेने हो म्हटलं.

"तुमाले कवा समजलं?"

"त्याच दिवशी. तिचा चेहरा पाहिला तेव्हाच."

"आन् त्याच्या आंदी? तुमी तपासाले आल्ते, तवा माहीत नोतं?"

"माहीत होतं, बुवा. पुस्तकात होतं. पण त्या वेळी आठवलं नाही."

मला वाटलं, ते हातोडा उचलतील. उचलला असता तर मी हललो नसतो, असं आज लिहायला सोपं आहे. ते उठले, नळ्यांचा भारा ओट्यावर नेऊन टाकला, आणि पायाने एकेक नळी चेपली. मग मागच्या गल्लीत जाऊन वकिलांना शेगडी खोलीबाहेर ठेवायला आणि खिडकी थोडी उघडी टाकायला सांगून आले. तिथल्या बायकांनी त्यांना वेड्यात काढलं. ते दारात बसून राहिले, खिडकी उघडेपर्यंत हलले नाहीत.

काकूंना त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. काकू त्यानंतर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. घरातून भांड्यांचा आवाज येई, माणसांचा नाही. माझ्याशी मात्र काकू पूर्वीसारख्याच वागत राहिल्या. संक्रांतीला तिळाची वडी पाठवली, तेव्हा मला उलगडलं की बुवांनी सगळा दोष आपल्या एकट्याच्या नावावर घेतला आहे. माझ्या तापमापीचं, माझ्या त्या "बेलाशक"चं त्यांनी घरात नावही काढलं नव्हतं. मी ती वडी खाल्ली. जाऊन सांगावं असं रोज वाटे आणि रोज मी शाळेत निघून जाई.

उन्हाळ्यात लोक पेट्या दुरुस्त करायला बोलवायला आले. बुवा गेले नाहीत. त्यांनी पुन्हा नळी केली नाही, दुकान मोडलं, आणि दोन वर्षांत साध्या तापाचं निमित्त होऊन गेले. जाण्याआधी, अंगात ताकद होती तोवर, एकदा मधल्या सुट्टीत ते माझ्या शाळेत आले. सायन्सच्या वर्गात पुढच्या बाकावर बसले. फळ्यावर काहीतरी लिहिलेलं होतं, ते त्यांना वाचता येत नव्हतं.

"हे त्या ग्यासचं तुमी दरसाल शिकवता ना?"

"हो."

"पुस्तकातलं पोट्टे इसरतेत, मास्तर. माह्या नावानं सांगा. कुसुमचं नाव घ्या. म्हना, सख्ख्या बापानं आपल्या हातानं नयी लावली. मंग नाई इसरत."

मी तसंच सांगत आलो. निवृत्त होईपर्यंत, दर वर्षी, दिवाळीच्या आधी. पेटी, पंखा, तीन इंची नळी, अकरावा दिवस, लाल गाल. एका वर्षी दोन मुलींनी घरी जाऊन सांगितलं आणि बहिणीच्या बाजेखालची शेगडी बाहेर काढायला लावली, असं त्यांच्या वडिलांनी येऊन मला सांगितलं, आणि माझे हात धरून आभार मानले.

शेवटच्या वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिने विचारलं, "सर, ते तर शिकलेले नव्हते. मग त्यांना तेव्हा कुणी शिकलेल्या माणसाने सांगितलं कसं नाही?"

"कुणाला माहीतच नव्हतं," मी म्हणालो, आणि फळा पुसायला घेतला.