दादाच्या गाडीचे रुंद टायर

लग्न ठरलं तेव्हा पत्रिका छापायच्याही आधी पुतणी माझ्या दुकानात आली. गिऱ्हाइकांसमोरच म्हणाली, "काका, पप्पांच्या जागी तुम्ही मला वेदीपर्यंत न्यायचं. मम्मीला विचारलंय मी." हातातला पाना खाली ठेवून मी "बरं" म्हणालो. आयुष्यभर मी 'बरं'च म्हणत आलोय. ज्याच्या जागी मी चालणार होतो, त्याची जागा रिकामी होण्यात माझा हात होता, हे तिला ठाऊक नव्हतं.

सहा वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, दर उपवासकाळात जातो. राग आला, खोटं बोललो, शुक्रवारी मांस खाल्लं, एवढं सांगून उठतो. हे तिथेही सांगितलं नाही.

वसईत माझं टायरचं दुकान आहे. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा, जहाजावर इंजिनियर होता. निवृत्त होऊन घरी आला आणि जन्माची हौस म्हणून त्याने दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी दिसणारी लाल स्पोर्ट्स कार जुन्यात घेतली. आगाशीच्या बाजारातून ती गेली की भाजीवाल्या विचारायच्या, "बटाट्याची गोणी कुठे ठेवतोस रे यात?" दादा खूश व्हायचा.

एका शनिवारी तो रेसचे चार टायर घेऊन दुकानात आला. गाडीच्या मूळच्या रिम सात इंच रुंदीच्या. त्यांच्यावर कंपनीचे टायर होते दोनशे पंधराचे. हे होते दोनशे पंचावन्नचे, म्हणजे चार सेंटिमीटर जास्त रुंद.

"याला साडेआठ इंची रिम लागेल, दादा."

"रिम बदलायच्या नाहीत. गाडी होती तशीच दिसली पाहिजे. टायर तेवढे घाल."

"पोट बाहेर येईल टायरचं."

"तुझंही आलंय. चालतोस ना?"

बाकावरची गिऱ्हाइकं हसली. तसा दादाला आणखी चेव चढला. "हा लहानपणापासून असाच. केळीच्या बागेतला पाट ओलांडायचा तर आधी काठीने खोली मोजणार." मीही हसलो.

अरुंद रिमवर रुंद टायर बसतच नाही असं नाही. पण टायरची आतली तारेची कड, जिला आम्ही बीड म्हणतो, ती रिमला सरळ धरत नाही, ओढून ताणून बसते. त्यात हवा कमी असेल तर जोराच्या वळणावर ती निसटू शकते. हे मी कितीतरी पोरांना सांगून परत पाठवलंय. दादाला सांगितलं नाही. शिवाय त्याला हवाही कमी हवी होती. रेसवाले कमी ठेवतात, पकड चांगली येते, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. कडा बसवायला मी आधी चाळीसपर्यंत हवा भरली. टप टप आवाज करत त्या बसल्या. मग माझ्याच हाताने बावीसवर आणली.

मी दबून गेलो, मोठ्या भावापुढे बोलता आलं नाही, असं स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. ते खरं नाही. मी चिडलो होतो. मनात म्हटलं, घे. स्टिअरिंग पुरतं वळवलंस की टायर आतून घासतील, करकर वाजतील, मग येशील परत. याच लोकांसमोर म्हणशील, तुझं बरोबर होतं. मला ते ऐकायचं होतं. तेवढ्यासाठी मी ते टायर घातले.

दुसऱ्या दिवशी चर्चमधली रविवारची मिस्सा संपल्यावर तो घरी डोकावला. चिंचोटीवरून कामणला चालला होता, जहाजावरच्या जुन्या दोस्ताकडे. शेजारच्या सीटवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली विलायती बाटली होती. मी भुवया उंचावल्या तर कागद बाजूला करून त्याने सील दाखवलं. "त्याच्यासाठी आहे. माझं तर आता वासानेही डोकं दुखतं." मुलीच्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशी, म्हणजे तिने चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र प्रसाद घेतला तेव्हा, वहिनीला शब्द देऊन त्याने दारू सोडली होती. त्याला चौदा वर्षं झाली होती.

चिंचोटीच्या पुढच्या वळणावर गाडी झाडावर गेली. दादा जागीच गेला.

सोमवारी पोलिसांच्या आवारात मी गाडी पाहिली. पुढचा डावा टायर फुटला नव्हता, त्याला खिळा नव्हता, चीर नव्हती. तो रिमवरून उतरला होता. रिमची उघडी धार डांबरावर घासून चकचकीत झाली होती. माझ्याबरोबरच्या हवालदाराने विचारलं, "तुम्ही टायरवाले ना? काय वाटतं?"

"स्पीड असेल, साहेब," मी म्हणालो.

"आणि हा वास?" सीटवर बाटलीच्या काचा होत्या. मी चपलांकडे बघत राहिलो. त्याने जे समजायचं ते समजून घेतलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की पिऊन चालवत होता. दफनविधीनंतर वहिनीने मला बाजूला घेतलं. ती रडत नव्हती. "सीट दारूने भिजली होती म्हणतात. खरं का?"

"हो," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं.

तेव्हापासून दरवर्षी ती फादरांना दादाच्या नावाने मिस्सा करायला सांगते आणि त्या सकाळी स्वतः घरी बसते.

पुतणी येऊन गेल्यावर चार दिवस काढले आणि पाचव्या दिवशी वहिनीकडे गेलो. ती ओट्यावर वाल सोलत होती. मी बसलो नाही, उभ्यानेच सगळं सांगितलं. टायर, हवा, हवालदार, बाटली.

"सीलबंद होती?"

"होती."

"तू पाहिलीस?"

"त्यानेच दाखवली."

बराच वेळ तिने एकच वाल बोटांत फिरवला. मग म्हणाली, "टायरचं मी एक वेळ समजून घेईन. हट्ट त्यानेच धरला असणार, मी संसार केलाय त्याच्याशी. पण सहा वर्षं मी रोज सकाळी त्याच्या फोटोशी भांडतेय. आणि तू समोरून जाताना हात करायचास."

तिने आत असलेल्या लेकीला हाक मारली. "हिलाही सांग. मला सांगितलंस तसंच. काही गाळू नकोस."

दुसऱ्यांदा सांगणं जास्त अवघड गेलं. पुतणी दाराला टेकून ऐकत होती. संपल्यावर तिने एवढंच विचारलं, "म्हणजे पप्पांनी शब्द मोडला नव्हता?"

"नाही."

ती आईशेजारी जाऊन बसली आणि वाल सोलायला लागली. दोघींपैकी कुणी माझ्याकडे बघेना. मी निघालो, पायरीवर थांबलो. लग्नाचं विचारावं की नाही, कळेना. वहिनीने मान वर न करताच सांगितलं, "तिला मी नेईन. तू ये. न आलास तर लोक विचारतील, आणि मला आता आणखी काही झाकायचं नाहीये."

लग्नाच्या दिवशी मी शेवटच्या बाकावर बसलो. नवरामुलगा वेदीपाशी उभा, फादर उभे, आणि नवरीचा पत्ता नाही. गायनमंडळाने तेच गाणं दुसऱ्यांदा धरलं. लोक माना वळवून दाराकडे बघायला लागले. मग कुणीतरी येऊन फादरांच्या कानात सांगितलं की मायलेकी कबरस्तानात गेल्यात.

थोड्या वेळाने दोघी आल्या. वहिनीने लेकीचा हात घट्ट धरला होता. वहिनीच्या रेशमी साडीच्या काठाला ओली माती लागली होती, चांगली वीतभर. बायकांनी खुणा केल्या. तिने बघितलंही नाही, माझ्या बाकाजवळून तशीच पुढे गेली.