दार ट्रकात होतं

आमच्या घराचं दार निघालं तेव्हा मी हातात खडू घेऊन उभी होते. पावसाळ्यानंतर धरणाचं पाणी गावात शिरणार हे पक्कं झालं होतं, म्हणून सगळं गाव आपापली घरं स्वतःच्या हातांनी उतरवत होतं. बाबा छपरावरून एकेक वासा खाली देत आणि मी त्यावर आकडा घालायची, म्हणजे नव्या जागी तो त्याच क्रमाने वर चढेल. दार सगळ्यात शेवटी काढलं, चौकटीसकट. ते ट्रकात आडवं ठेवलं, त्यावर गाद्या टाकल्या आणि गाद्यांवर आम्ही बसलो. दाराच्या रिकाम्या जागेतून परसातलं बोराचं झाड दिसत होतं. माय एवढंच म्हणाली, "आकडे पुसू देऊ नको व."

नव्या गावठाणात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या पुणे-नागपूर-सुरत अशा पांगलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. तुम्हाला आठवत असेल, तिथल्या सरकारी खोल्यांना पत्र्याची बुटकी दारं होती आणि आपल्या चौकटी त्यांत बसत नव्हत्या. बाबांनी आल्या आल्या सरकारी भिंत फोडली. तुमच्यातल्याही अनेकांनी फोडली. आपलं गाव वसलं ते असं.

मी नोकरीसाठी पुण्यात आले आणि हलतच राहिले. धनकवडी, कर्वेनगर, आता वारजे. वारज्याचा फ्लॅट स्वतःचा आहे, तरी भिंतीत खिळा ठोकताना आधी मनात येतं, काढताना पोपडा निघेल का. मिक्सरचा, टीव्हीचा, पंख्याचा, सगळे खोके माळ्यावर जपलेले आहेत. ऑफिसात कोणाचं घर हलायचं असलं की माझ्याकडून यादी नेतात. औषधं हाताशी, काचेचं टॉवेलात, कपाटाचे स्क्रू पुडीत बांधून त्याच कपाटाला चिकटवलेले. लोक म्हणतात, मॅडम फार ऑर्गनाइज्ड आहेत. मी थँक्यू म्हणते.

बाबा गेल्यापासून माय तिथे एकटी आहे. यंदा ती अंगणात पडली, शेजाऱ्यांनी उचललं. मी तिला पुण्याला आणायचं ठरवलं. तिला बाल्कनीची खोली, बाथरूममध्ये धरायला दांडा, जवळचा डॉक्टर, तिथल्या घराला गिऱ्हाईक, सगळं बघून झालं. मग तिला फोन केला. "माय, तू काही काळजी करू नको. सगळं ठरलंय. तू फक्त तुझे कपडे भर."

ती म्हणाली, "बरं."

त्याच सुमारास माझी मुलगी सई एका लेखनगटात जायला लागली. कॉलेजची दहा-बारा मुलं रविवारी सदाशिव पेठेत एका क्लासच्या खोलीत जमतात आणि निर्वासितांवर, विस्थापितांवर गोष्टी लिहितात. एकाने बोटीतून समुद्र ओलांडणाऱ्या कुटुंबावर लिहिलं होतं, एकीने फाळणीवर. सईने धरण घेतलं. तिच्या गोष्टीतली म्हातारी घराला कुलूप लावते आणि किल्ली आयुष्यभर कमरेला बाळगते. हे तिने फोन स्पीकरवर टाकून आजीला वाचून दाखवलं.

"कुलूप कायले लावू व?" माय म्हणाली. "दार त ट्रकात होतं."

सई हसली, पण तिचा चेहरा पडला. "आजी, मग माझी एंडिंगच गेली!"

"जाऊ दे. दुसरी कर."

तिने दुसरी केली. वाचनाच्या दिवशी मी मागच्या रांगेत बसले होते. खोलीचे मालक, निवृत्त मास्तर, सुरुवातीलाच म्हणाले, "विस्थापितांवर अवश्य लिहा. फक्त निघताना खुर्च्या आपल्या जागी परत लावून जा." मुलं हसली. मग सई उभी राहिली. नव्या गोष्टीत दार होतं, खडूचे आकडे होते आणि गाव रिकामं करायला आलेला एक अधिकारी होता. वाईट माणूस नव्हता तो. हातात कागद, बोलणं गोड. तो म्हातारीला म्हणतो, "तुम्ही काही काळजी करू नका. सगळं ठरलंय. तुम्ही फक्त तुमचे कपडे भरा."

म्हातारी म्हणते, "बरं."

टाळ्या पडल्या. मी खुर्च्या लावायला उठले. एकेक उचलून भिंतीशी सरळ रेषेत ठेवत गेले, मास्तर म्हणाले, "अहो, राहू द्या, ते मुलांचं काम आहे." पण मला काहीतरी उचलायला हवं होतं.

स्कूटरवर बसताना सईनेच विषय काढला. "मला ऑफिसर कसा बोलतो माहीतच नव्हतं, आई. मग मी घरात ऐकलं."

"हेल्मेटचा पट्टा लाव."

"चिडलीस?"

"पट्टा लाव आधी."

म्हात्रे पुलाच्या सिग्नलला थांबलो तेव्हा पाठीमागून आवाज आला, "गोष्टीतून काढून टाकू का ते?" मी नको म्हणाले. हिरवा दिवा लागला आणि मागचे सगळे एकदम हॉर्न वाजवू लागले.

घरी येऊन मी मायला फोन लावला. बाथरूमचा दांडा, गिऱ्हाईक, काहीच बोलले नाही. "माय, तुला इकडे यायचं आहे का?" एवढंच विचारलं. हे वाक्य किती परकं वाटलं काय सांगू! इतक्या फोनांत ते एकदाही आलं नव्हतं.

ती म्हणाली, "तुझ्या घराचं दार केवढं आहे?"

"का?"

"आपलं बसन का त्यात?"

बसणार नाही. फोन ठेवून मी टेपने मोजलं. आपली चौकट रुंद आहे, आणि इथली भिंत फोडायला सोसायटी परवानगी देणार नाही. तसं तिला परत फोन करून सांगितलं.

"मंग थांब," माय म्हणाली. "मले विचार करू दे. आधी नाही करू दिला कोणं."

तेव्हापासून मी थांबले आहे, आणि थांबणं मला जमत नाही. भाजी निवडताना फोनकडे बघते, बाल्कनीच्या खोलीत उगाच जाऊन उभी राहते. पूर्वी कोणी विचारलं की माझं घर वारज्याला आहे असं मी चटकन सांगायचे. आता सांगताना जरा अडखळते. बाबांनी फोडलेल्या त्या भिंतीत ते दार उभं आहे, वरच्या वाशांवर माझ्या खडूच्या खुणा अजून पुसट दिसतात, आणि दाराआड माय विचार करते आहे. ती येईल किंवा येणार नाही. गिऱ्हाइकाला मी नाही म्हणून कळवलं आहे.